वजन उचलायचं नाही म्हणे!

त्या दिवशी पाणी आलं होतं. सोलापूरवाल्यांना यापुढचं सांगायची गरजच नाही, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं आणि मग घरात जे जे रिकामं दिसेल ते भरायचं, टाकी, बॅरल, हंडे, अगदी पातेली सुद्धा. मी पाईप ओढत होते, अंगणातल्या ओल्या फरशीवरून पाय सटकला आणि हात टेकत पडले. फार जोरात पण नाही हो, उभी होते तिथंच पडले, उठून बसले, म्हटलं काही झालं नाही. मग मनगटाकडं बघितलं तर ते भलतीकडंच वळलेलं.

प्लास्टर झालं, सहा आठवडे. पण डॉक्टर बाई प्लास्टरपेक्षा पडण्याबद्दलच जास्त विचारत होत्या. जिन्यावरून पडलात का, गाडीवरून पडलात का. म्हटलं नाही, उभ्या उभ्याच. तर म्हणाल्या, उभ्या माणसाचं एवढ्या पडण्यानं हाड मोडायला नको होतं, हात बरा झाला की डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घ्या. मी म्हटलं अहो माझी झालीय टेस्ट, मागं एका फुकटच्या कॅम्पमध्ये टाचेला मशीन लावून बघितलं होतं, "थोडं कमी आहे" म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या हसल्या. टाचेच्या मशीनवरून फक्त अंदाज येतो, निदान होत नाही, त्यासाठी कंबर आणि खुब्याचा डेक्साच लागतो. दहा-पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायचं, सुई नाही, दुखणं नाही.

रिपोर्ट आला, कंबरेचा टी स्कोअर उणे 2.9, खुब्याचा उणे 2.3. हा आकडा तरुणपणीच्या चांगल्या हाडांशी तुलना करून काढतात, उणे 1 पर्यंत ठीक, उणे 1 ते 2.5 च्या मधलं म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत, आणि उणे 2.5 किंवा त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ व्हायचा आजार. जो आकडा सगळ्यात वाईट तो धरायचा. वय 58.

मग बाईंनी विचारलं पाळी कधी गेली. मी म्हटलं गेली नाही, 43 व्या वर्षी पिशवी काढली. नुसती पिशवी का अंडाशयं पण? जुनी फाईल शोधली तर दोन्ही अंडाशयं पण काढलेली. आता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल, पण त्यामुळं हाडांचं काय होतं हे तर नक्कीच कुणी बोललं नाही. आपलं हाड म्हणे रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नवं भरतं, अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन असेपर्यंत हा हिशोब जमतो, ते गेलं की झीज पुढं पळते आणि भरणी मागं राहते. पंधरा वर्षं माझा हिशोब तोट्यात चालला होता आणि मला वाटत होतं रक्तस्राव थांबला, सुटले. आपल्याकडं किती बायकांची पिशवी चाळिशीच्या आसपास निघते, गल्लीत मोजा एकदा. त्यातल्या कितीजणींनी नंतर हाडं तपासलीत?

माझ्या सासूबाई शेवटी शेवटी पार वाकल्या होत्या, आम्ही म्हणायचो वय झालं. आता कळतंय की मणके एकेक करून दबत गेले असणार, आणि त्यांची ती "पाठ भरून आलीय" ची तक्रार आम्ही बाम लावून संपवत होतो.

तर आजार कळल्यावर घरात काय झालं? सगळे मला जपायला लागले. हंडा उचलू नका, बादली उचलू नका, खाली बसू नका, बाहेर जाऊ नका. मुलगा तर म्हणाला आई तू फक्त बस. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "काय करलालाव ओ वैनी, उठू नका की, पाया सूप पिऊन पडून राहा." पाया सूप मला आवडतं, ते पिते, पण त्यात कॅल्शियम असं फार उतरत नाही हे नंतर कळलं. आणखी एकजण कुठल्यातरी गावाहून सांधेदुखीची पुडी आणून देत होते, ती मात्र घेतली नाही कारण असल्या पुड्यांत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं आणि स्टिरॉइड हाडं आणखी पोकळ करतं.

आणि फिजिओथेरपीवाल्या मुलीकडं गेले तर ती एकदम उलटं बोलायला लागली. म्हणे काकू, बसून राहिलात तर हाड आणखी जाईल, हाडावर भार आला तरच ते भरतं. मी म्हटलं अगं आयुष्यभर हंडेच उचलले की! तर म्हणाली तुम्ही पाठीतून वाकून उचलले, त्यानं मणक्यावर दाब येतो, आता कंबर सरळ ठेवून गुडघ्यातून आणि खुब्यातून बसून उचलायचं. म्हणजे आता मी पैसे भरून वजन उचलायला शिकतेय, 1 किलोच्या डंबेलपासून सुरू केलं आणि आज दोन्ही हातांत 5-5 किलो घेते. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. हे शेवटचं भाकरी तव्यावर असताना पण करते, एक भाकरी एक पाय. योगा क्लासमध्ये पश्चिमोत्तानासन आणि खाली वाकायचे सगळे प्रकार मात्र बंद, विरळ झालेले मणके पुढं वाकताना दबू शकतात. क्लासच्या ताईंना आधी राग आला, मग त्यांनी मला वेगळं शिकवायला घेतलं. कंबर तलावाला चालायला जाते ते वेगळं, पण नुसतं चालून भागत नाही हे मला दोन वर्षांनी का होईना समजलंय.

खाण्याचं तर मला फार गर्व होता, आम्ही ज्वारीची भाकरी खाणारी माणसं, शेंगाचटणी रोज, आमची हाडं कशी कमी पडतील. हिशोब केला तेव्हा तोंड उतरलं. 100 ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम 25-30 मिलीग्रॅम, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. शेंगदाणे पण काही फार नाहीत. मला दिवसाला 1200 लागतं आणि माझं चारशेच्या पुढं जात नव्हतं, कारण दूध म्हणजे चहातलं. आता सकाळी नाचणीचं आंबील, दुपारी वाटीभर दही, रात्री एक कप दूध, आठवड्यातून दोनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि चटणीत शेंगदाण्याबरोबर तीळ. पालकात आकडा मोठा दिसतो पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून तो हिशोबात धरत नाही. उरलेलं गोळीतून, ती जेवणासोबत, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब.

रक्तातलं व्हिटॅमिन डी 11 आलं, म्हणजे फारच कमी! सोलापुरात, जिथं मे महिन्यात 43-44 डिग्री असतं तिथं. पण उन्हाला घाबरून आपण स्कार्फ, हातमोजे, सगळं बांधून निघतो, आणि फिरायला जातो पहाटे सहाला, त्या कोवळ्या उन्हात डी फारसं बनत नाही. मग 60 हजार युनिटची पुडी, आठवड्याला एक अशा आठ, मग महिन्याला एक. रोज घ्यायची नाही हां, आमच्या ओळखीत एकांनी रोज घेतली, रक्तातलं कॅल्शियम वाढून दवाखान्यात गेले.

मुख्य औषध अ‍ॅलेन्ड्रोनेट 70 मिलीग्रॅम, हाडांची झीज रोखणारी गोळी, आठवड्यातून एकदा. सुरू करायच्या आधी दातांच्या डॉक्टरकडं जाऊन एक किडलेली दाढ काढून घेतली, कारण या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होतो. रविवारी सकाळी रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही आणि चहा नाही. आमचे हे नेमके त्याच वेळी आल्याचा चहा उकळतात. पहिल्या महिन्यात एकदा गोळी घेऊन परत झोपले, अन्ननलिकेत अशी जळजळ झाली की पुन्हा ती चूक केली नाही.

बाकी घरात बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, रात्रीचा छोटा दिवा लावला, पाण्याच्या दिवशी अंगणात फरशीवर गोणपाट टाकते.

दोन वर्षांनी त्याच मशीनवर परत डेक्सा केला, मशीन बदललं की आकडे जुळत नाहीत म्हणून मुद्दाम तिथंच. कंबर उणे 2.6, खुबा उणे 2.2. मला वाटलं एवढंच? डॉक्टर बाई खूश होत्या, म्हणाल्या अहो घसरण थांबली आणि वर थोडं चढलं पण, पाच वर्षं झाली की औषध थांबवायचं का ते बघू, मधे स्वतःहून बंद करू नका.

परवा पाणी आलं. हे आले आणि माझ्या हातातला हंडा ओढायला लागले, तुझी हाडं, तुझी हाडं करत. वय 67, सिगारेट तीस वर्षं ओढलेली, दोन इंच उंची कमी झालीय ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय. म्हटलं सोडा, तुमचीच डेक्सा अजून व्हायचीय, शुक्रवारची अपॉइंटमेंट घेतलीय. आणि गुडघ्यात वाकून हंडा उचलला.