घरच्या लिनक्सचा लॉगिन पडदा: आधी कळफलक पाहा

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात अनेक घरांत एकाच संगणकावर तीन पिढ्या बसतात. नात इंग्रजी शाळेत, आईचं काम हिंदीत आणि मराठीत, आजींना फक्त देवनागरी वाचायची सवय. अशा घरात लिनक्स बसवलं की पहिली अडचण डेस्कटॉपच्या आधीच येते, लॉगिनच्या पडद्यावर. पासवर्ड आठवत असतो, पण कळफलक देवनागरीत असतो. चौकटीत उमटतात नुसते ठिपके, त्यामुळे इंग्रजी 'के' दाबल्यावर 'क' पडला हे कळायला काही मार्गच नसतो. आजींना वाटतं, चूक आपलीच.

डेबियन, उबंटू आणि मिंट या लिनक्सच्या वितरणांमध्ये कळफलकाची मूळ सेटिंग 'ईटीसी'तल्या 'डीफॉल्ट' फोल्डरात, 'कीबोर्ड' नावाच्या फाइलीत असते. तिथे लेआउटच्या ओळीत 'यूएस' (इंग्रजी) आधी आणि 'इन' (भारतीय) नंतर लिहा. क्रम उलटा असेल, तर पडदा उघडतो तोच इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकात. इन्स्क्रिप्टवर वरच्या रांगेतले आकडेही देवनागरी पडतात, आणि संगणकाच्या लेखी देवनागरी पाच नि इंग्रजी पाच ही दोन निरनिराळी अक्षरं आहेत. जन्मसाल पासवर्ड म्हणून वापरणारे इथेच अडकतात. पासवर्ड देवनागरीत ठेवण्याचा मोह मात्र टाळा. कधी टेक्स्ट कन्सोलवर, म्हणजे नुसत्या मजकुराच्या पडद्यावर, जावं लागलं, तर तिथे तो टाइप करणं जवळपास अशक्य.

आता पडद्यावर काय दिसावं. लाइटडीएम म्हणजे लॉगिन सांभाळणारा कार्यक्रम, आणि ग्रीटर म्हणजे त्याचा दिसणारा पडदा. त्याच्या जीटीके ग्रीटरच्या कॉन्फ फाइलीत, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, 'इंडिकेटर्स' अशी एक ओळ असते. तिच्यात घड्याळ, लेआउट, सुलभता आणि पॉवर हे चारच ठेवा. लेआउटचं चिन्ह सतत दिसायलाच हवं, माझ्या मते याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही त्या पडद्यावर नाही. 'सेशन'चा, म्हणजे कोणता डेस्कटॉप उघडायचा ते निवडायचा, मेनू काढून टाका. नवखा माणूस चुकून दुसरं सेशन निवडतो, ते लक्षात ठेवलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी 'माझा डेस्कटॉप हरवला' म्हणून हाक येते. नंबर लॉक बंद असल्यामुळेही पासवर्ड चुकतो. नमलॉकएक्स हे पॅकेज बसवून लाइटडीएमच्या ग्रीटर-सेटअप-स्क्रिप्टच्या ओळीत ते चालू करा.

१९८८ साली एक्सडीएम हे लॉगिनचं जुनं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ते नाव विचारायचं आणि पासवर्ड विचारायचं, बस. प्रयोगशाळेतल्या माणसांना आपलं लॉगिन नाव पाठ असायचं, म्हणून ते चालून गेलं. घरी चेहऱ्यांची यादीच हवी. डेबियनमध्ये ही यादी मुळात लपवलेली असते, लाइटडीएमची 'ग्रीटर-हाइड-युझर्स' ही सेटिंग 'फॉल्स' करा. लॉगिन नाव रोमन छोट्या अक्षरांतच ठेवा, पण पडद्यावरचं पूर्ण नाव 'युझरमॉड' कमांडच्या 'सी' पर्यायाने 'आजी', 'आई' असं देवनागरीत देता येतं.

फोटो लावताना पुष्कळांची एक चूक होते. घरच्या फोल्डरात 'डॉट फेस' नावाने फोटो ठेवला जातो, तो डेस्कटॉपवर दिसतो, पण लॉगिनवर नाही. ग्रीटर 'लाइटडीएम' नावाच्या वेगळ्या युझरखाली चालतो, आणि नव्या वितरणांत घरचं फोल्डर इतरांना वाचायला बंद असतं. म्हणून फोटो युझरांची माहिती ठेवणाऱ्या अकाउंट्ससर्व्हिसच्या 'आयकॉन्स' फोल्डरात ठेवा, ९६ बाय ९६ पिक्सेल पुरे. फॉन्टचंही हेच कारण: नोटो किंवा लोहित देवनागरी फक्त स्वतःच्या फोल्डरात टाकला असेल, तर ग्रीटरला तो सापडत नाही आणि नावाच्या जागी चौकोन दिसू शकतात. फॉन्ट पॅकेजमधून, सगळ्या संगणकासाठी बसवा.

आजींना पासवर्डच नको, असं वाटणं साहजिक आहे. पण ऑटोलॉगिन केलं की किरिंग, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची कुलूपबंद पेटी, बंदच राहते, कारण ती उघडायला पासवर्ड मिळालेलाच नसतो. मग ब्राउझर उघडताच एक अनोळखी खिडकी पासवर्ड मागते, म्हणजे त्रास एक पायरी पुढे ढकलला एवढंच. पासवर्ड न विचारणाऱ्या 'नोपासवर्डलॉगिन' गटात टाकलं तरी तेच होतं. त्यापेक्षा सोपा, छोट्या इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड बरा.

चुकीच्या पासवर्डनंतर पॅम, म्हणजे पासवर्ड तपासणारी यंत्रणा, साधारण दोन सेकंद मुद्दाम थांबते. तेवढ्यात माणूस पुन्हा टाइप करू लागतो आणि सुरुवातीची अक्षरं हरवू शकतात. स्वतः ग्रीटर लिहीत असाल, तर त्या वेळात चौकट बंद करून 'तपासत आहे' असं लिहा, आणि चूक सांगताना 'कळफलक: मराठी' किंवा 'कॅप्स लॉक चालू आहे' हेही सांगा. चुका मोजून खातं बंद करणारं फेललॉक चालू असेल, तर मूळ सेटिंगनुसार तीन चुकांनंतर खातं ६०० सेकंद बंद होतं. घरी ही मर्यादा दहावर न्या.

पासवर्ड बरोबर असूनही पडदा पुन्हा लॉगिनवरच येत असेल, तर कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून कन्सोलवर जा. 'डीएफ' कमांडने डिस्क भरली आहे का ते बघा. नसेल, तर घरच्या फोल्डरातल्या 'डॉट एक्सऑथॉरिटी' फाइलीचा मालक तपासा. सूडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, ग्राफिकल कार्यक्रम चालवले की ती कधी कधी रूटच्या (प्रशासकाच्या) नावावर जाते. 'चाउन' कमांडने परत त्या युझरच्या नावावर करा.

प्रत्येक बदल पाहायला लाइटडीएम रीस्टार्ट करू नका, चालू असलेली सगळ्यांची सेशन्स त्यात बंद पडतात. खिडकीत दुसरा पडदा दाखवणारा झेफिर हा कार्यक्रम बसवून 'डीएम-टूल'ची 'ॲड-नेस्टेड-सीट' कमांड दिली, की ग्रीटर एका खिडकीत उघडतो. लेआउटचं चिन्ह, फोटो, देवनागरी नावं तिथेच पाहून घ्या, मग आजींना बोलवा.