वानोळा

आमच्या फैजपूरकडे पाहुणा रिकाम्या हातानं परत जात नाही. निघताना त्याच्या पिशवीत काहीतरी कोंबलं जातंच. फणीभर केळी, दोन किलो वांगी, नाहीतर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवलेले पापड. हा वानोळा. पाहुणा 'नको, नको' म्हणतो आणि पिशवीचं तोंड उघडून धरतो.

ऑस्ट्रेलियात या वानोळ्यानं आमची फजिती केली. लेक-जावई ॲडलेडला असतात. गेल्या फेब्रुवारीत जावयांनी कॅराव्हॅन भाड्यानं घेतली. म्हणजे मोटारीमागे जोडलेलं चाकांवरचं घर. आत ओटा, फ्रीज, पलंग, सगळं. लहानपणी चांगदेवच्या यात्रेला आम्ही बैलगाडीत गोधड्या-पातेली टाकून जायचो, तिचीच ही श्रीमंत नात.

निघालो ते ब्रोकन हिलला. पुतण्या तिथल्या खाणीत इंजिनिअर आहे. पाचशेएक किलोमीटर रस्ता, दोन्ही बाजूंना करडी खुरटी झुडपं. हे दर अर्ध्या तासानं विचारायचे, "गाव कुठंय?"

गाव होतं, आणि चांगलं नांदतं होतं. १८८३ साली चार्ल्स रॅस्प नावाच्या, मेंढ्यांच्या कुरणाची राखण करणाऱ्या माणसाला इथल्या टेकडीत खनिज दिसलं. त्याला वाटलं कथील, निघालं चांदी, शिसं आणि जस्त. ती टेकडी माणसांनी खणून संपवली. आता गावाच्या मधोमध खाणीतून उपसलेल्या दगडमातीचा काळपट डोंगर उभा आहे. आपल्या जळगावात शनिपेठ, बळीरामपेठ. इथल्या रस्त्यांची नावं ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड. ह्यांना शाळेतली प्रयोगशाळा आठवली. राज्य न्यू साउथ वेल्सचं, पण घड्याळ शेजारच्या राज्यातल्या ॲडलेडचं. घरजावयासारखं.

सूनबाईनं परसात वांगी, मिरच्या लावल्या होत्या, कोपऱ्यात लिंबाचं झाड. पाऊस नावालाच. नळाला पाणी येतं ते मरे नदीचं, २७० किलोमीटर पाइपातून. बोअर आटलेल्या यावल-रावेरच्या माणसाला हे ऐकून हात जोडावेसे वाटतात. मी आंघोळीला अर्धी बादलीच घेतली.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं टोपलीभर वांगी तोडली. मी पिशवी पुढे केली, तर पुतण्या म्हणाला, "काकू, नाही नेता येणार. ॲडलेडच्या वाटेवर ऊडला विराला नाका आहे. फळमाशी येऊ नये म्हणून ताजी फळं, वांगी, टोमॅटो, मिरच्या सगळं काढून घेतात. शिजवलेलं चालतं."

शिजवलेलं चालतं म्हटल्यावर मी पदर खोचला. भाजायला पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, कुठून आणायच्या? बार्बेक्यूवर वांगी भाजली, खलबत्त्यात ठेचली. पऱ्हाटीच्या धुराचा वास नाही तो नाहीच, पण कांद्याची पात आणि शेंगदाणे पडल्यावर भरीत ओळख देऊ लागलं. सूनबाईनं तिच्या माहेरच्या स्टीलच्या डब्यात ते भरून दिलं.

नाक्यावर बाई हसतमुख. फ्रीज उघडला, डबा उघडला, वास घेतला, मान डोलावली. मी जिंकले. मग त्या गाडीच्या पुढच्या बाजूला गेल्या आणि थबकल्या. निघताना सूनबाईनं हौसेनं लिंबू-मिरची ओवून बांधली होती. परसातली, ताजी, हिरवीगार. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. जावई इंग्रजीत दृष्ट समजावून सांगायला लागले. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि लिंबू-मिरची डब्यात टाकली. त्यांच्या, कचऱ्याच्या. पुढचे अडीचशे किलोमीटर हे स्टिअरिंगकडे बघत बसले.

भरीत ॲडलेडला दोन दिवस पुरलं. डबा मात्र सामानात फैजपूरला आला आणि फळीवर बसलाय. रिकामा कसा परत पाठवायचा? बिबडे वाळलेले असतात, ते चालतील का, पुतण्याला विचारून ठेवलंय.