साडेतेरा दिवसांचा पाऊस

रत्नागिरीतल्या माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी चपला हातात घेऊन रडले होते. २०१९ चा जुलै. बँकेतली बदली होऊन मे महिन्यात इथे आले होते, नवरा आणि मुलगा सोलापुरातच होते. रविवारी पलंगाखालून कोल्हापुरी चपला काढल्या तर त्यांवर हिरवट-पांढरी बुरशी, अगदी लव फुटल्यासारखी. बोट फिरवलं की पुसली जायची आणि खालचं चामडं मऊ, दमट लागायचं. लग्नातल्या चपला त्या. पण रडू चपलांचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कित्येक दिवसांत ऊन दिसलं नव्हतं. घरातल्या दोरीवर कपडे तीन-तीन दिवस कुबट वास धरून लोंबत होते. सकाळचे सात आणि दुपारचे चार यांच्या उजेडात फरकच उरला नव्हता. आणि कौलांवरचा आवाज रात्री जाग आली तरी तसाच चालू.

मी मंगळवेढ्याची. पावसाचा कंटाळा आला, असं आमच्या घरात कुणाच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर. रत्नागिरीत तो ३००० च्या पुढे जातो. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"पाऊस हाय का गं तिकडं?"

"आहे की."

"पडू दे बाई. हितं नुसतं ढग येत्यात नि जात्यात."

यावर कुठल्या तोंडानं म्हणणार, की आई, मला हा पाऊस सहन होत नाही? म्हणून मी कुणालाच काही सांगत नव्हते. बँकेतून यायचं, दिवा न लावता पडून राहायचं, भूक लागली तर दुधात बिस्किटं बुडवून खायची.

घरमालकीण काकू खालच्या मजल्यावर राहतात. तेव्हा त्यांची सत्तरी उलटून गेली होती. एका संध्याकाळी त्या कुळथाची पिठी आणि भात घेऊन वर आल्या, अंधारात मला बसलेली बघितलं आणि विचारलं, "काय गो, बरं नाय काय?" मी म्हटलं, "काकू, दीड महिना झाला. अजून अडीच महिने आहेत." त्यांनी ताटली ठेवली. "पावसाचे महिने कोण मोजतं गो? चल खाली."

खाली स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय होतं आणि त्याला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली होती. काही तारखांभोवती गोल केलेले. ७ जूनच्या आसपास मृग, मग आर्द्रा, मग पुनर्वसू. काकू म्हणाल्या, "आता तरणा चाललाय. त्याच्यामागून म्हातारा."

तरणा पाऊस, म्हातारा पाऊस. माझ्या अंगावर काटा आला. हे तर आमच्या दादांचे शब्द! पुनर्वसूचा तो तरणा आणि पुष्याचा तो म्हातारा, आश्लेषाचा तो आसळकाचा. दादा बांधावर उभे राहून बोटांवर हे मोजायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि मी हे सगळं विसरूनही गेले होते. माझ्या मनात कोकण म्हणजे वेगळाच मुलूख. पण तीच नक्षत्रं इथल्या भिंतीवरही होती.

याचं गणित सोपं आहे. नक्षत्रं सत्तावीस आणि वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. म्हणजे सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस राहतो. चार महिने म्हटलं की छाती दडपते. साडेतेरा दिवस निघतात.

काकू नुसतं मोजत नाहीत. प्रत्येक नक्षत्राचं त्यांचं काहीतरी ठरलेलं असतं. खायचं काही, बघायचं काही, करायचं काही. पंचांगात त्या नक्षत्राचं वाहनही दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, असं धरतात. त्यावर माझा विश्वास नाही, पण वाहन कोणतं हे विचारायला मी अजूनही खाली जाते आणि त्या निमित्तानं चहा होतो.

मी शंभर पानी वही आणली आणि प्रत्येक नक्षत्राला एक पान दिलं. अट एकच: साडेतेरा दिवसांत जे फक्त याच दिवसांत असतं असं काहीतरी शोधून लिहायचं. मृगात रानभाज्यांना सुरुवात. टाकळ्याची कोवळी पानं उकिरड्याच्या कडेला, रस्त्यालगत, कुठंही उगवतात. बाजारात मावश्या फोडशीच्या जुड्या घेऊन बसतात. आमच्याकडच्या बायका जशा पाथरीवर तुटून पडतात तशा इथल्या फोडशीवर. आर्द्रा-पुनर्वसूत भाताची लावणी. बँकेत येणारे अर्धे लोक त्या दिवसांत येत नाहीत आणि येतात त्यांच्या पिंढऱ्यांवर चिखल वाळलेला असतो. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, आश्लेषाच्या तोंडावर मिरकरवाडा बंदरात पुन्हा हालचाल सुरू होते, आणि मग नारळी पौर्णिमा. अळूच्या फदफद्यात फणसाच्या आठळ्या घालतात हेही मला याच वहीनं शिकवलं. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी काकू आठळ्या मातीत घोळवून डब्यात भरून ठेवतात.

मघाचं पान मात्र सगळ्यात भरलेलं आहे. मघात काकूंनी मला सड्यावर पाठवलं. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, उन्हाळ्यात काळंकुट्ट, अनवाणी पाय ठेवता येत नाही असं. तिथे ऑगस्टमध्ये खडकावर बोटाच्या पेराएवढं पाणी साचतं आणि त्या पाण्यात सीतेची आसवं उगवतात. उभं राहून पाहिलं तर नुसता निळसर-जांभळा धुरळा पसरल्यासारखं वाटतं. मी छत्री बाजूला ठेवली आणि गुडघे टेकून बसले. दोऱ्याइतका बारीक देठ, वर नखाएवढं फूल, त्यावर पावसाचा एक थेंब. फुलापेक्षा थेंबच मोठा वाटावा असा, देठ वाकायचा आणि थेंब पडला की सरळ व्हायचा. पुन्हा थेंब, पुन्हा वाकणं. माती नसलेल्या खडकावर याला खायला काय मिळतं, असं वाटून मी नंतर वाचलं, तर ही वनस्पती कीटकभक्षी निघाली. पाण्याखाली तिला टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. त्या दिवशी मी अर्धा-पाऊण तास तिथे होते. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि मला भूक लागली होती. महिनाभरात पहिल्यांदा अशी कडकडून भूक.

हे सगळं वहीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्याच ऑगस्टमध्ये मी डॉक्टरांकडेही गेले होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, की दिवसाचा उजेड अंगावर पडला नाही की झोपेचं चक्र बिघडतं आणि त्याबरोबर मनही. ढगाळ दुपारीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत छत्री घेऊन वीस मिनिटं चाला. मी आजही चालते. कुणाची उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर त्यांनी टाकळा-फोडशीवर भागवू नये, डॉक्टरांना भेटावं. हे मी मनापासून सांगते.

आणि वहीतलं एक पान कोरं आहे. २०२१ चं पुष्य. २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. आमच्या शाखेतल्या एका मैत्रिणीचं माहेर तिथलं. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघी गेलो. घरात घोटाभर चिखल, भिंतीवर डोक्याच्या वर पाण्याची रेघ, धान्य कुजून आलेला वास. तिची आई भांडी घासत होती, एकच पातेलं पुन्हा पुन्हा. आम्ही दोन दिवस चिखल उपसला. त्या साडेतेरा दिवसांत काही शोधावंसं वाटलं नाही आणि नंतरही ते पान मी भरलं नाही. तसंच राहू दे.

पूर्वा-उत्तराच्या दिवसांत गणपती येतात, चाकरमानी येतात, घराघरात दिवे लागतात. तेव्हा कुणाला काही शोधावं लागत नाही. माझं मन मात्र लागलेलं असतं हस्ताकडे. इथला पाऊस तेव्हा परतीला लागतो, पण आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानाची सगळी मदार त्याच दिवसांवर. ज्वारी रब्बीची. उत्तरा-हस्ताचा पाऊस मुरला तर पेरणी, नाहीतर वर्ष गेलं. लहानपणी हस्त लागला की आम्ही हादगा मांडायचो. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर आणि शेवटी खिरापत ओळखायची. आईची खिरापत कुणाला ओळखू यायची नाही, कारण ती डब्याला फडकं बांधून आणायची, वाससुद्धा येऊ द्यायची नाही. गेली तीन वर्षं मी इथे काकूंच्या पडवीत हादगा मांडते. आसपासच्या सात-आठ मुली येतात. गाणी त्यांना मी शिकवली, खिरापत काकू करतात.

यंदा २७ सप्टेंबरला हस्त लागला. चौथ्या दिवशी सकाळी सहाला आईचा फोन आला. एवढ्या सकाळी फोन म्हणून मी घाबरूनच उचलला.

"रात्री झाला बघ," आई म्हणाली. "दोन तास. वगळीला पाणी आलं."

"मग पेरणी?"

"वापसा येऊ दे की. चिखल वाळून वापसा आला की पेरायला तिफण धरायची."

तिचा आवाज इतका मोकळा मी वर्षभरात ऐकला नव्हता. इथे ऊन पडलं होतं. चांगलं कडक, पिवळं ऊन. मी गोधड्या काढल्या, गाद्या काढल्या, मुलाची चित्रांची वही उघडून वाळत ठेवली. कोल्हापुरी चपलांना खोबरेल तेलाचं बोट लावलं आणि त्या गडग्यावर उन्हात मांडल्या. काकू खालून वर बघत होत्या.

"दुपारी उचल हो गो," त्या म्हणाल्या. "हत्ती येईल."