दादाला किडनी द्यायला गेले तेव्हा

दादाला पॉलिसिस्टिक किडनीचा, म्हणजे किडन्यांत पाण्याच्या गाठी वाढत जाण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्याचे डायलिसिस सुरू झाले तेव्हा मी त्याला माझी किडनी द्यायचे ठरवले. माझे वय ३६, क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) ०.८, म्हणजे चांगले, आणि त्रास कसलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी, दादाच्या आजाराचे निदान झाले त्या वेळी, एका डॉक्टरांनी हाच आकडा पाहून ‘तुम्हाला काही नाही’ म्हणून मला परत पाठवले होते; सोनोग्राफी करायला सांगितली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

दात्याच्या तपासण्यांतली सोनोग्राफी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, घराजवळच झाली. तपासणाऱ्या बाई माझ्या उजव्या कुशीवर यंत्र दाबून धरून पडद्यावरच्या एका काळ्या गोलाच्या दोन्ही कडांवर बारीक फुल्या टाकत होत्या. मग दुसऱ्या गोलावर, मग तिसऱ्या. जरा थांबून त्यांनी हळू आवाजात विचारले, “घरमां बीजा कोईने छे?” (घरात आणखी कोणाला आहे का?) उत्तर देण्याआधीच मला सारे कळले होते. उजवीकडे पाच आणि डावीकडे चार गाठी होत्या; घरात हा आजार असेल तर माझ्या वयाला एकूण तीन गाठीसुद्धा निदानाला पुरतात. दाता म्हणून माझे नाव त्याच दिवशी बाद झाले.

आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असला की प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी असते. पाण्याने भरलेल्या गाठी वर्षानुवर्षे वाढत जाऊन शेजारचा निरोगी भाग दाबून निकामी करतात, परंतु उरलेला भाग जास्तीचे काम ओढत राहतो. म्हणूनच क्रिएटिनिन दीर्घकाळ चांगले दिसते आणि ते चढू लागते तोवर किडनीचे बरेच नुकसान होऊन गेलेले असते. बाबा ५२ व्या वर्षी गेले तेव्हा ‘बीपीने किडनी खराब झाली’ असे सगळे म्हणत. या आजारात बीपी पुष्कळदा आधी वाढतो, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते. माझाही १४६/९४ निघाला.

आता मी बीपीची गोळी रोज घेते, मीठ मोजून खाते आणि डोके कितीही दुखले तरी नेफ्रॉलॉजिस्टांना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, विचारल्याशिवाय वेदनाशामक घेत नाही. गाठींची वाढ मंदावणारे टॉलव्हॅप्टन हे औषध आहे, पण ते वेगाने वाढणाऱ्या आजारात देतात आणि यकृतावर सतत लक्ष ठेवावे लागते; मला अजून त्याची गरज पडलेली नाही.

दादाला वहिनीने किडनी दिली. तिच्यात हा दोष नाही, त्यामुळे त्या किडनीत या आजाराच्या गाठी होणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आई पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

माझी मुलगी १४ वर्षांची आहे. तिची सोनोग्राफी करायची की नाही, हे ती सज्ञान झाल्यावर तिनेच ठरवावे, असे आम्ही डॉक्टरांशी बोलून ठरवले आहे. तोवर दर दिवाळीच्या सुट्टीत तिचा बीपी तपासून घेतो. या वेळी तो ११०/७० होता.