लाईट गेली की टोकन गायब

नव्या लॅपटॉपसाठी हब, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करून देणारी डबी, घेणार असाल तर आधी एवढंच ऐका: चार्जर हबला लावू नका. लॅपटॉपला चार्जिंग घेणारं टाइप-सीचं दुसरं भोक असेल तर चार्जर त्यात आणि हब पहिल्यात. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. हे कळायला मला सहा आठवडे लागले, दोन हब लागले आणि एका कंत्राटदाराची बोलणी खावी लागली, म्हणून लिहितेय.

सांगलीत घराच्याच पुढच्या खोलीत माझं ऑफिस आहे. छोट्या कंत्राटदारांची ऑनलाइन टेंडरं भरून द्यायची, कुणाचं जीएसटी रिटर्न, कुणाची बिलं, असली कामं. जुना लॅपटॉप २०१५ चा. जाडजूड होता, पण त्याला व्हीजीए होतं, लॅन होतं, यूएसबीची तीन भोकं होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्या मशिनवर ११ काही चढेना, मग दिवाळी पाडव्याला नवा घेतला. घरी आणून पूजा केली, हळदकुंकू वाहिलं आणि मग कडा चाचपल्या. डावीकडे टाइप-सीची दोन भोकं, उजवीकडे हेडफोनचं एक. बास.

आणि माझ्या टेबलावर काय? डिजिटल सहीचं टोकन (ऑनलाइन सही करायची, पेन ड्राइव्हसारखी काडी), प्रिंटर, स्कॅनर, वायरलेस माऊसचा रिसीव्हर, बॅकअपची हार्ड डिस्क, लॅनची वायर आणि चौकोनी तोंडाचा जुना व्हीजीए मॉनिटर. टाइप-सी एकालाही नाही.

दुकानदाराने काउंटरवर हब काढून ठेवला. "म्याडम, एकच वायर लॅपटॉपला. चार्जरसुद्धा ह्याच्यातनंच. सकाळी एक वायर लावायची, संध्याकाळी एक वायर काढायची. विषय संपला." त्या एका वायरीवर मी भाळले. टेबलावरचा वायरींचा गुंता बघून सासूबाई रोज काहीतरी बोलायच्या, त्याचाही राग होताच. अठराशे रुपये मोजले आणि आले.

पहिल्या संध्याकाळी सगळं बिनबोभाट लागलं. प्रिंटर, स्कॅनर, लॅन, काही बघावं लागलं नाही. मॉनिटरने तेवढा अर्धा तास खाल्ला, तोही माझ्याच चुकीने. हबला एचडीएमआय, मॉनिटरला व्हीजीए, मध्ये कन्व्हर्टर लागतो. ड्रॉवरमध्ये एक होता तो लावला. चित्र नाही. तो निघाला व्हीजीए टू एचडीएमआय, म्हणजे उलट्या दिशेचा. हे कन्व्हर्टर एकेरी रस्त्यासारखे असतात, उलटे चालत नाहीत. आपल्याला लागतो एचडीएमआय टू व्हीजीए, तोही आत चिप असलेला. दोन टोकांना दोन पिना असलेली नुसती स्वस्त वायर मिळते, तिच्या नादी लागू नका.

पुढे चार दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एक वायर दाखवत होते.

पाचव्या दिवशी टोकन गायब झालं. म्हणजे भोकातच होतं, पण त्याचा दिवा विझला, लॅपटॉपने 'टुडुंग' केलं आणि स्क्रीनवर आलं की सही सापडत नाही. दोन सेकंदांनी दिवा परत लागला, 'टिडिंग' वाजलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा पिन. मला वाटलं सैल बसलं असेल. दाबून बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. मग दोन दिवस काही नाही. मग एकाच सकाळी तीनदा.

डिजिटल सहीवाल्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. "म्याम, ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून परत टाका." टाकला. परत गेलं. परत फोन. "दुसऱ्या पोर्टला लावून बघा." लावलं, हबच्याच शेजारच्या पोर्टला. आता आठवलं की स्वतःचंच डोकं आपटावंसं वाटतं. सल्ला बरोबर होता, फक्त दुसरं पोर्ट म्हणजे लॅपटॉपचं दुसरं, मोकळं पोर्ट, हे ना त्यांनी सांगितलं ना माझ्या ध्यानात आलं. तिसऱ्या फोनला ते म्हणाले टोकनच खराब असेल, नवीन घ्या. म्हणजे पुन्हा पैसे, पुन्हा अर्ज, पुन्हा ते मोबाईलसमोर बसून नाव सांगत व्हिडिओ करणं. घेणारच होते.

त्याआधी हब घेऊन दुकानात गेले. लॅपटॉप, टोकन, हार्ड डिस्क, सगळं पिशवीत. दुकानदाराने वीस मिनिटं लावून ठेवलं. एकदाही गेलं नाही. "हब एकदम ओके आहे म्याडम. लॅपटॉपचं बघा." लॅपटॉपच्या सर्व्हिस सेंटरला गेले. त्यांनी टेस्ट चालवली, सगळीकडे हिरव्या खुणा. "लॅपटॉप ओके आहे. बाहेरच्या हबची गॅरंटी आम्ही देत नाही." परत दुकानात. आता त्याने बेचाळीसशेचा हब काढला, धातूचा, चांगला जड. "हा घ्या, ह्यात कंप्लेंटच नाही." घेतला. पहिला परत घ्यायला तयार नव्हता, कारण खोका फाटलेला. तो खोका मी पाडव्याच्या उत्साहात दातांनी फाडला होता.

नवा हब तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी अण्णांचं टेंडर होतं.

अण्णा म्हणजे आमचे जुने कंत्राटदार, गावाकडच्या रस्त्यांची कामं घेतात. टेंडर बंद व्हायची वेळ संध्याकाळी पाच, आणि अण्णा दर कायम करणार साडेचारला. हे दरवेळचंच. पहिल्या लिफाफ्याची कागदपत्रं चढवून झाली होती, ईएमडी, म्हणजे अनामत रक्कम, भरलेली होती, दुसऱ्या लिफाफ्यात दरांची एक्सेल टाकायची आणि 'फ्रीज बिड सबमिशन'वर क्लिक करायचं, की टेंडर पक्कं जमा. पोर्टलवर वरती त्यांच्या सर्व्हरचं घड्याळ पळत असतं, आपलं घड्याळ काय म्हणतं त्याला किंमत नाही. ४:३८ ला टोकन गेलं. आलं. लॉगिन केलं. ४:४४ ला परत गेलं. अण्णा मागे उभे. "ताई, काय झालं ओ? मशीन नवीन घेतलंय नव्हं?" मी गप्प. पाचला बारा कमी असताना तिसऱ्यांदा 'टुडुंग' झालं तशी उठले, माळ्यावरून जुना लॅपटॉप खाली काढला, टोकन त्याच्या भोकात खुपसलं. तो सुरू व्हायलाच चार मिनिटं घेतो. अण्णा त्या चार मिनिटांत जे बोलले ते इथे लिहीत नाही. ४:५६ ला टेंडर फ्रीज झालं. त्या म्हाताऱ्या लॅपटॉपच्या मी पाया पडले, खरंच पडले.

रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा टेबलाशी बसले. नवा लॅपटॉप, धातूचा हब, टोकनचा दिवा चालू. काहीच करत नव्हते, नुसती बघत होते. तेवढ्यात ट्यूबलाईटने एकदा डोळा मिचकावला आणि त्याच क्षणी 'टुडुंग'. दिवा विझला. मग 'टिडिंग'.

लाईट. आमच्याकडे लाईट पूर्ण जाते ती कमी वेळा, नुसती झपकन जाऊन येते ती दिवसातून कितीदा तरी. ट्यूब आणि राउटर इन्व्हर्टरवर, त्यामुळे ट्यूब फक्त मिचकते. मॉनिटर जातो-येतो, पण तो म्हातारा आहे म्हणून मी सोडून दिलेलं. लॅपटॉपचा आणि लाईटचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही, कारण लॅपटॉपला बॅटरी असते! पूर्वीचा टेबलावरचा कॉम्प्युटर गेल्यावर 'आता कशाला' म्हणून यूपीएसही भाच्याला देऊन टाकलेला.

मी बोर्डावरचं चार्जरचं बटण बंद केलं. टुडुंग. चालू केलं. टुडुंग, टिडिंग. लहान मूल दाराच्या बेलशी खेळतं तशी आठ-दहा वेळा खेळले. यजमान आतून ओरडले, काय चाललंय तिकडे. मग चार्जर हबमधून काढला, लॅपटॉपच्या त्या दुसऱ्या, सहा आठवडे मोकळ्या पडलेल्या भोकात घातला आणि बटण बंद केलं. शांत. चालू. शांत. टोकनचा दिवा ढिम्म हलला नाही. दोन भोकांमध्ये अंतर बोटभर.

का होतं ते नंतर वाचून समजून घेतलं. चार्जर हबला लावला की वीज हबमधून लॅपटॉपकडे जाते आणि जाता जाता हब तिच्यातूनच आपलं आणि त्याला जोडलेल्या सगळ्या वस्तूंचं भागवतो. चार्जर मेला की दिशा उलटी होते, आता लॅपटॉपने हबला वीज द्यायची. ही अदलाबदल होताना हबचा पुरवठा क्षणभर तुटतो. माणसाला तो क्षण, टोकनला मात्र कुणीतरी उपटून परत लावल्यासारखं. हार्ड डिस्कलाही तसंच, आणि तेव्हा बॅकअप चालू असेल तर फायली बिघडू शकतात. लाईट परत आली की माझ्या हबांचा हा खेळ पुन्हा. यूएसबीच्या नियमांत यावर तोडगा आहे, त्याला 'फास्ट रोल स्वॅप' म्हणतात, पण तो हबला आणि लॅपटॉपला दोघांनाही यावा लागतो. माझ्या दोन्ही हबांच्या खोक्यांवर त्याचं नावसुद्धा नाही. जुन्या लॅपटॉपचा चार्जर गोल पिनेचा, त्याचा यूएसबीशी संबंधच नव्हता, म्हणून दहा वर्षांत हे कधी झालं नाही.

आणि दुकानात वीस मिनिटांत का गेलं नाही? दुकानात सगळं यूपीएसवर. सर्व्हिस सेंटरमध्येही.

चार्जर हलवल्याचा आणखी एक फायदा झाला. लॅपटॉप मधूनमधून 'चार्जर कमी ताकदीचा आहे' असं म्हणायचा, ते बंद झालं. चार्जर ६५ वॅटचा, पण हब त्यातले काही स्वतःसाठी राखून उरलेलेच पुढे देतो.

तुमच्या लॅपटॉपला टाइप-सीचं एकच भोक असेल तर मात्र चार्जर हबलाच लावावा लागणार. मग छोटा यूपीएस घ्या. इन्व्हर्टरवर टाकायचा असेल तर मागे नॉर्मल आणि यूपीएस असं बटण असतं का बघा, ते यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर अदलाबदलीला वेळ लागतो आणि ती झपक चार्जरला जाणवू शकते.

हो, माऊसचं राहिलंच. हार्ड डिस्क लावली की वायरलेस माऊस अडखळायचा, मी तीन वेळा सेल बदलले. यूएसबी ३ च्या वस्तू चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात आणि माऊसचा रिसीव्हर नेमका तिथेच बोलतो. रिसीव्हर डिस्कच्या शेजारच्या पोर्टातून काढून हातभर एक्स्टेंशन वायरीवर लांब ठेवला, थांबलं.

आणि लॅपटॉप घ्यायच्या आधी दुकानात विचारा, कुठल्या भोकातून मॉनिटर चालतो. टाइप-सी हा फक्त आकार, आतून काय येतं ते भोकागणिक वेगळं. माझी दोन्ही चालतात, जावेच्या लॅपटॉपचं एकच चालतं, दुसऱ्यातून नुसता डेटा. शेजारी बारीक खूण असते, चष्मा लावून बघावी लागते.

धातूच्या हबच्या चार्जिंगच्या भोकावर मी लाल इन्सुलेशन टेप चिकटवलीय, घरातल्या कुणी चुकून लावू नये म्हणून. अठराशेचा ड्रॉवरमध्ये आहे, त्या उलट्या कन्व्हर्टरशेजारी. तोही बिचारा चांगलाच असणार.

अण्णांना काम मिळालं नाही. दर वर गेला म्हणे. त्यात हबचा काही दोष नाही.