ब्लॉकमधली घाण काढणे: माझा नोड कुठवर आला

भाऊ लोकं, सध्या बिटकॉइनच्या पायथनवाल्या छोट्या नोडवर (नोड म्हणजे व्यवहारांची प्रत ठेवून ते तपासणारा प्रोग्राम) एकच काम करून राहिलो, कोणी ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यात, घाण टाकली तर ती आपल्या डिस्कवरून उडवायची पण ब्लॉकच्या साखळीचा हिशोब हलला नाही पाहिजे. घाण म्हणजे खरंच घाण, 2018 मध्ये जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी बिटकॉइन चाळलं तं 1,600 च्या आसपास फाइली निघाल्या, काही तर अशा की जवळ ठेवायची भीती वाटावी.

कॅमेलियन हॅशचा नाद मी सोडला (हॅश म्हणजे डेटावरून काढलेला छोटा ठसा, एरवी डेटा बदलला की तोही बदलतो). 2017 मध्ये संशोधक अटेनीझे आणि मंडळींनी मांडलेली आयडिया आहे भारी, गुप्त की असली की ब्लॉक बदला, हॅश तोच राहतो, पण ती की ठेवायची कोणाकडे बाप्पा? तलाठ्याचा शिक्का घरी आणून ठेवल्यासारखं आहे ते. की चार जणांत वाटली तरी मला नाही पटत.

म्हणून फक्त आपल्याच नोडवर पुसायचं. ऑप रिटर्न (व्यवहारात नुसता डेटा लिहायची जागा) सोपं, ते आउटपुट कधी खर्चच होत नाही, बाइट्स उडवले आणि टीएक्सआयडी (व्यवहाराचा हॅश) ठेवला की मर्कल रूट (ब्लॉकमधल्या सगळ्या टीएक्सआयडींचा मिळून एक हॅश) बरोब्बर जुळतो. विटनेसमधला (व्यवहाराच्या सह्यांच्या वेगळ्या भागातला) डेटा तर टीएक्सआयडीत मोजलाच जात नाही, त्यामुळे तिथेच कोंबलेली ऑर्डिनल्सची चित्रं पटकन गेली. हो, नवीन नोडला माझ्याकडून ते ब्लॉक पूर्ण तपासता येणार नाहीत, ते त्यानं दुसरीकडून घ्यावे.

खरी मजा खोट्या पत्त्यांची. डेटाचे 20 बाइट पत्त्याच्या हॅशच्या जागी कोंबलेले, आणि तो पत्ता खरा की खोटा हे बघून कळतच नाही, मग पुसून टाकला आणि उद्या कोणी खर्च करायला आला तं? तर मी स्क्रिप्ट (आउटपुट खर्च करायची अट लिहिलेला कोड) काढून तिचा एसएचए-256 हॅश तेवढा ठेवला. खर्च करणारा पब्लिक की (सही तपासायची उघड किल्ली) देतोच, तिच्यावरून स्क्रिप्ट परत बनवायची, हॅश जुळवायचा, मग सही तपासायची. रेगटेस्टवर (आपल्याच मशीनवरच्या चाचणीच्या बिटकॉइनवर) मस्त चाललं! (टेस्ट रात्रीच लावतो, मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर ठेवूनही लॅपटॉपचा पंखा बोंबलते.) पे टू स्क्रिप्ट हॅशलाही (पैसे स्क्रिप्टच्या हॅशवर पाठवायच्या प्रकारालाही) हीच युक्ती लागू पडते, तिथे खर्च करताना मूळ स्क्रिप्ट, म्हणजे रिडीम स्क्रिप्ट, येते.

आता गाडी अडली टॅपरूटवर, म्हणजे ज्या आउटपुटमध्ये 32 बाइटची पब्लिक की थेट लिहिलेली असते त्यावर. की-पाथनं (थेट त्या कीच्या सहीनं) खर्च केला तं फक्त सही येते, की येतच नाही, आणि श्नॉर सहीच्या चॅलेंजमध्ये (सही बनवताना काढलेल्या हॅशमध्ये) की आधीच मिसळलेली असल्यानं सहीवरून ती काढताही येत नाही. म्हणजे ते 32 बाइट ठेवावेच लागतात. सध्या एन्क्रिप्ट करून ठेवतो, पण त्याला पुसणं म्हणवत नाही. कोणाला काही सुचलं तं सांगा बे.