आमची वाटचाल: ‘आम्ही’ म्हणजे मी एकटीच

‘आमची वाटचाल’ असं शीर्षक लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. यंत्रावरचे दोन कारागीर सोडले, तर पहिली ४ वर्षं या ‘आम्ही’मध्ये मी एकटीच होते. ऑर्डर घेणारी मी, बिल करणारी मी आणि ‘आमच्या अकाउंट्समध्ये विचारून सांगते’ असं फोनवर ऐटीत म्हणणारीही मीच.

आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवतो. सुरुवातीला एक मैत्रीण भागीदार म्हणून येणार होती. नफा निम्मा-निम्मा, एवढंच ठरलं होतं. कोणी मध्येच सोडलं तर काय, पैसे कमी पडले तर कोण घालणार, एक जण दिवसभर राबली आणि दुसरी संध्याकाळी डोकावून गेली तर पगार कसा धरायचा, हे सगळं कागदावर मांडायला बसलो आणि तिसऱ्या प्रश्नावरच गाडी अडली. मैत्री टिकली, भागीदारी झाली नाही. बरंच झालं. एकटीला भीती वाटते म्हणून धंद्याचा अर्धा हिस्सा कोणी लिहून देऊ नये.

एकल मालकीत धंद्याचं कर्ज ते आपलंच कर्ज, हे मला ठाऊक होतं. खरा फटका भलतीकडूनच बसला.

खोक्याचं बळ असतं दोन कागदांमधल्या नागमोडी थराच्या नळ्यांत. खोक्याच्या भिंतीत त्या उभ्या असाव्या लागतात. आडव्या आल्या की वरच्या वजनानं खोकं बसतं. दुसऱ्या वर्षी एका मोठ्या ऑर्डरचं माप मी रात्री साडेअकराला लिहून दिलं आणि शीटच्या लांबी-रुंदीची अदलाबदल केली. २,००० खोकी तयार झाली, दिसायला अगदी देखणी. गिऱ्हाइकाच्या गोदामात पाचवा थर चढला आणि खालचा बसला. त्याहून जिव्हारी लागलं ते कारागिराचं बोलणं. ‘मला दिसलं होतं मॅडम. पण तुम्ही लिहून दिलंय म्हटल्यावर बरोबरच असेल.’

गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मी पुढच्या मालावर १० टक्के सूट दिली. कागद-मजुरी जाऊन १०० मागे ३० उरत होते, ते २० झाले. म्हणजे तेवढ्याच पैशांसाठी दीडपट माल. हे गणित मी केलं ३ महिन्यांनी! कागदवाल्याला १५ दिवसांत पैसे द्यायचे आणि आपले ६० दिवसांनी यायचे. वहीत नफा, बँकेत खडखडाट.

आता दर दुसऱ्या शनिवारी एक निवृत्त हिशोबनीस काका येतात. मालकी अजून माझी एकटीचीच, पण कुठलीही सूट किंवा नवी उधारी त्यांच्या ‘का?’मधून गेल्याशिवाय पक्की होत नाही. एकट्यानं सुरू करावं का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणते. फक्त उलट विचारते, ‘तुझं चुकलंय, हे तुला तोंडावर कोण सांगणार?’

तोच कारागीर आता प्रत्येक ऑर्डरचं पहिलं खोकं वजनं ठेवून तपासतो. त्यानं होकार दिल्याशिवाय पुढची शीट कापायची नाही. गेल्या आठवड्यात त्यानं कापायच्या आधीच यंत्र थांबवलं. ‘मॅडम, नळ्या आडव्या येतायत.’ येत नव्हत्या. त्यानंच शीट फिरवून धरली होती. अर्धा तास गेला. मी माप पुन्हा एकदा त्याच्यासमोर मोजलं आणि काही बोलले नाही.